शस्त्र : हक्क की ठेव?

घरात शस्त्र असावे की नसावे, हा प्रश्न वरवर पाहता पोलिसांचा आणि कायदेपंडितांचा वाटतो. परंतु थोडे खोल गेले म्हणजे तो धर्माधर्माचा प्रश्न आहे, हे ध्यानात येते. ज्याच्या घरी मुलेबाळे आहेत, ज्याच्या पेढीवर मोलाचा माल आहे, त्याने त्यांच्या रक्षणासाठी बंदूक बाळगू म्हटले, तर त्यात गैर काय? आणि एकाच्या रक्षणाचे साधन दुसऱ्याच्या भयाचे कारण होत असेल, तर समाजाने ते किती जणांच्या हाती द्यावे? परवान्याचे नियम अधिक कडक करावेत की सैल, हा वाद आज निघतो तेव्हा त्याच्या बुडाशी हेच दोन प्रश्न असतात. त्यांचा विचार करताना सुरत शहराचा इतिहास उपयोगी पडतो. कारण सशस्त्र आणि निःशस्त्र अशा दोघांचीही परीक्षा तेथे एकाच वेळी झाली.

इ. स. १६६४ च्या जानेवारीत शिवछत्रपतींनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा मोगल साम्राज्याचे हे संपन्न बंदर जवळजवळ उघडेच होते. शहराभोवती पक्का तट नव्हता. सुभेदार इनायतखान तापीकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला. शहराच्या रक्षणासाठी फौज बाळगण्याचा पैसा तो सरकारातून घेत होता, पण फौज मात्र ठेवीत नव्हता, असा ठपका समकालीनांनी त्याच्यावर ठेवला आहे. विरजी व्होरासारख्या विख्यात सावकाराचा वाडाही लुटीतून सुटला नाही. इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन याने मात्र सुवाळीच्या जहाजांवरून खलाशी आणविले, वखारीवर तोफा चढविल्या, आणि वखार वाचविली. डचांची वखारही वाचली.

खाजगी शस्त्राचा कैवार घेणाऱ्याला याहून बोलका दाखला कोणता हवा? ज्याच्या हाती शस्त्र होते तो तरला; ज्याने सरकारवर भरवसा ठेवला तो बुडाला. हे म्हणणे खोटे नाही, पण ते अपुरे आहे. वखारीच्या तोफांनी वखार राखली. शहर राखले नाही. शेजारच्या हाजी सैद बेगाच्या वाड्यातून इंग्रजांनी मराठ्यांची तुकडी हुसकून लावली खरी, परंतु तो वाडा वखारीला लागून होता. बाकीच्या पेठा जळतच होत्या. खाजगी शस्त्राची धाव आपल्या भिंतीपर्यंत असते. सुरतेचा घात लोकांजवळ बंदुका नव्हत्या एवढ्यामुळे झाला नाही. रक्षणाचे दायित्व ज्याने पत्करले होते त्याने ते टाकून दिले, म्हणून झाला. निःशस्त्र प्रजा हे शासनाकडे ठेवलेले गहाण आहे, आणि ते बुडविणारा सुभेदार हाच त्या प्रसंगातील मुख्य अपराधी होय.

इंग्रजी अमदानीत हा प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला. १८७८ च्या शस्त्रकायद्याने येथील प्रजेला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास बंदी केली. गोऱ्यांना मात्र सवलत राहिली. राज्यकर्त्यांनी स्वतःच्या निर्धास्तपणासाठी केलेला हा कायदा होता. अहिंसेचे उपासक असलेल्या महात्मा गांधींनीही १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीच्या पत्रकात या निःशस्त्रीकरणाची गणना ब्रिटिश राजवटीच्या काळ्याकुट्ट कृत्यांत केली. भ्याड माणसाची अहिंसा ही अहिंसाच नव्हे, हे त्यांचे मत सर्वश्रुत आहे. १९३१ च्या कराची काँग्रेसने तर मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद केला. मात्र तो नियमांच्या अधीन ठेवला, हेही विसरू नये.

स्वराज्य आल्यावर काय झाले? डिसेंबर १९४८ मध्ये मंगळुरात जन्मलेले हरि विष्णु कामत यांनी घटनासमितीत तोच हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती सुचविली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. ज्याला वाटेल त्याने बाजारात जाऊन हवे ते शस्त्र विकत घ्यावे, अशी मुभा असेल तर राज्य चालणार कसे, असा त्यांचा आक्षेप होता. पण त्यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली : आता आग्रह धरायचा तो शस्त्रधारणाच्या हक्काचा नव्हे, तर प्रसंगी देशासाठी शस्त्र हाती घेण्याच्या कर्तव्याचा. दुरुस्ती फेटाळली गेली. अमेरिकेने १७९१ साली जे हक्क म्हणून घटनेत लिहिले, ते आपण जाणूनबुजून लिहिले नाही.

हक्क आणि कर्तव्य यांतील हा भेद आपल्या परंपरेला नवा नाही. वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात सीता रामचंद्रांना एक कथा सांगते. एका तपस्व्याच्या आश्रमात इंद्र योद्ध्याच्या वेषाने येतो आणि आपले खड्ग त्याच्यापाशी ठेव म्हणून ठेवून जातो. ठेव हरवू नये म्हणून तो तपस्वी फळेमुळे आणायला जातानाही खड्ग बरोबर नेऊ लागतो. हळूहळू त्या नित्य सहवासाने त्याचे मन क्रूर होते, तप सुटते आणि अखेर तो नरकाला जातो. तपस्वी दुष्ट नव्हता, चोर नव्हता. उलट ठेव सांभाळणारा सचोटीचा पुरुष होता. शस्त्र हाताशी असले की मनाला पहिला उपाय तोच सुचू लागतो, हे सीतेने ओळखले होते. रामचंद्र तिच्यावर रागावत नाहीत. ते एवढेच म्हणतात की, पीडित ऋषींना आपण अभयवचन दिले आहे आणि ते मोडणे आपल्याला शक्य नाही.

या संवादातच आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडते असे मला वाटते. परवाना देणाऱ्याने सीतेचा प्रश्न विचारावा. मागणाऱ्यापाशी रामचंद्रांचे उत्तर असावे. कोणाला भय आहे, कोणाच्या रक्षणाचा शब्द तू दिला आहेस, आणि तुझे मन हे ओझे पेलील काय? प्रतिष्ठा म्हणून, धाक बसावा म्हणून, वरातीत आवाज काढावा म्हणून बंदूक मागणाऱ्यापाशी हे उत्तर नसते.

१९५९ चा शस्त्रकायदा बऱ्याच अंशी याच मार्गाने जातो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली. समारंभात बेफिकिरीने गोळ्या झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. यावर कोणी म्हणेल, कायदा पाळतो तो सज्जन; गावठी कट्टा बाळगणारा गुंड परवाना मागायला येतो थोडाच! हा आक्षेप वजनदार आहे. बिनपरवाना शस्त्रांच्या सुळसुळाटाची दखल २०२३ साली सर्वोच्च न्यायालयालाही घ्यावी लागली. परंतु त्यावरून निघते ते एवढेच की, कट्टे बनविणाऱ्यांवर व विकणाऱ्यांवर शासनाने अधिक कठोरपणे तुटून पडले पाहिजे. गुंडाजवळ कट्टा आहे म्हणून प्रत्येक घरात बंदूक आली, तर गुंडाचा कट्टा नाहीसा होत नाही. घरातील भाऊबंदकी, तरुणाचे नैराश्य आणि लेकराचे कुतूहल यांच्या हाताशी मात्र ती येऊन बसते.

म्हणून कडक कायद्याचा पुरस्कार करणाऱ्याने एक अट स्वतःवर घालून घ्यावी. नागरिकाच्या हातातील शस्त्र काढून घेणारे शासन त्याच क्षणी त्याच्या रक्षणाचे ऋणको होते. रात्री हाक मारताच शिपाई धावून आला नाही, तर तो कायदा इनायतखानाच्या किल्ल्यासारखा ठरतो : आत अधिकारी सुखरूप, बाहेर प्रजा उघडी.

सुरतेच्या महिधरपुऱ्यात आज हिऱ्यांचे व्यवहार भर रस्त्यात चालतात. कागदाच्या पुड्या उघडल्या जातात, दलाल भिंगातून पाहतात आणि लाखोंचा माल या हातातून त्या हातात जातो. हे चालते ते प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल आहे म्हणून नव्हे. दिल्या शब्दाची किंमत आणि कायद्याचा वचक या दोहोंच्या बळावर. १६६४ च्या त्या धामधुमीतही डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घर, तो मोठा दानशूर होता असे कळल्यावरून, सोडून देण्यात आले, अशी नोंद बर्निये या फ्रेंच प्रवाशाने केली आहे. चांगुलपणा प्रत्येक वेळी घर वाचवील असे नाही, आणि त्याच्या भरवशावर पहारा उठविणे हा वेडेपणा होईल. परंतु बंदुकीच्याही आधी माणसाला राखणारे काही असते, याची ती साक्ष आहे.

खंडेनवमीला आपण शस्त्रांना गंधफूल वाहतो. पूजा केली म्हणजे ते शस्त्र आपल्या मालकीचे असूनही आपल्या लहरीचे राहत नाही. पांडवांनी अज्ञातवासात आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली आणि धर्माने हाक दिली तेव्हाच उतरविली. ज्याला शस्त्र शमीवर ठेवून वर्षभर राहता येते, त्याच्याच हाती ते शोभते.