ग्रंथाचा अर्थ आणि अर्थाची मर्यादा

पिंपरी पेंढार येथे आलेले पुष्कळ भाविक पुढे आळेफाट्याच्या बाजूस असलेल्या आळे गावी जातात आणि ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखी वेद वदविले, त्या रेड्याच्या समाधीपुढे नतमस्तक होतात. या कथेकडे कोणी चमत्कार म्हणून पाहतो, तर कोणी ज्ञानाचा अधिकार सर्व जीवांना आहे असा तिचा भाव घेतो. दोन्ही अर्थ कथेत बसतात. परंतु माउलींनी वेदविद्या व्यर्थ ठरविली, असे कोणी म्हणू लागल्यास ते बसणार नाही. कारण रेड्याने म्हटले ते वेदच होते. अर्थ अनेक असू शकतात, पण हवा तो अर्थ असू शकत नाही.

पहिली मर्यादा शब्दांची. शके 1212 मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पुढे पाठभेद शिरले. संत एकनाथांनी शके 1506 (इ.स. 1584) मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये, असे शेवटी निक्षून बजावले. याचा अर्थ नाथांना नवे विचार नको होते असा नव्हे. त्यांना स्वतःला जे सांगावयाचे होते, ते त्यांनी एकनाथी भागवतात स्वतःच्या नावाने सांगितले. पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1909 साली ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत छापून पाठांची चर्चा पुन्हा सुरू केली, तीही मूळ शब्द कोणते याच शोधासाठी.

दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे व तिचाच भंग अधिक होतो. वचन ग्रंथात आहे एवढ्याने ते ग्रंथाचे मत ठरत नाही. ते कोण बोलतो हे पाहावे लागते. कुलक्षय झाला की अधर्म माजतो, मग कुलस्त्रिया बिघडतात, हे गीतेच्या पहिल्या अध्यायातील बोल 'गीता सांगते' म्हणून स्त्रियांना ऐकविले जातात. वस्तुतः ते भगवंतांचे नाहीत, शोकाने व्याकूळ झालेल्या अर्जुनाचे आहेत. आणि दुसऱ्या अध्यायात भगवंत उत्तराला आरंभ करतात तो शहाणपणाची भाषा बोलून नको त्याचा शोक करतोस, अशी त्याची कानउघाडणी करूनच. सप्ताहात पारायणास बसलेल्यांपुढे पोथी उघडीच असते. दोन पाने मागे उलटण्याचे कष्ट घेतले, तरी एखाद्या सुनेला उगाच लागणारा बोल टळेल.

तिसरी मर्यादा संपूर्ण ग्रंथाची. आरंभ कोठे झाला, शेवट कशात झाला, पुन्हा पुन्हा काय सांगितले, कोणता भाग केवळ स्तुतीचा आहे, हे पाहून तात्पर्य ठरवावे, असा मीमांसकांचा जुना नियम आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व 1915 साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात हीच कसोटी लावली. युद्ध नको म्हणणारा अर्जुन शेवटी युद्धास उभा राहतो, म्हणून गीता कर्मयोगपर आहे, असे त्यांचे प्रतिपादन. शंकराचार्यांच्या परंपरेला ही कसोटी मान्य असूनही ती संन्यासाकडे जाते. म्हणजे नियमांनी वाद मिटतोच असे नाही. मात्र वाद कशावर आहे ते स्पष्ट होते, हाही लाभ थोडा नव्हे.

या बाबतीत महात्मा गांधींचा प्रामाणिकपणा विशेष वाटतो. गीतेतून त्यांनी अहिंसा घेतली. तरी 'अनासक्तियोगा'च्या 1929 साली लिहिलेल्या प्रस्तावनेत, गीतेच्या शब्दांवरून युद्ध आणि फलत्याग यांचा मेळ घालता येतो, हे त्यांनी मान्य केले. पूर्ण अहिंसेवाचून पूर्ण फलत्याग अशक्य आहे, हा आपला निष्कर्ष गीता चाळीस वर्षे आचरणात आणू पाहिल्यावर निघालेला आहे, असे त्यांनी सांगितले. श्लोकाचा शब्द त्यांनी बदलला नाही आणि स्वतःचा अनुभव श्लोकाच्या नावावर खपविलाही नाही.