साक्ष कोणाची?

काल आपण काय खाल्लें, या प्रश्नाचें उत्तर ज्यानें खाल्लें त्याच्याहून अधिक खात्रीनें दुसरा कोण देणार, असें आम्हांस पुष्कळ दिवस वाटत असे. आहारशास्त्रानें हा समज टिकूं दिला नाहीं. १९९२ सालीं न्यूयॉर्क येथें कांहीं स्थूल व्यक्तींची परीक्षा झाली. बेताचेंच जेवूनहि वजन उतरत नाहीं, ही त्यांची तक्रार. प्रत्यक्षांत त्यांनीं सांगितलेला आहार खऱ्या आहाराच्या जवळजवळ निम्माच निघाला.

साखरेऐवजीं वापरल्या जाणाऱ्या मधुर द्रव्यांच्या बाबतींत तर नुसतें विचारणें फोलच. १८७९ सालीं शोध लागलेलें सॅकरिन आणि त्याच्यामागून आलेलीं त्याचीं भावंडें आज पेयांत, च्युइंगगममध्यें, औषधांत, फार काय टूथपेस्टमध्येंहि असतात. पोटांत किती गेलें हें खाणाऱ्यास कळावें कसें? म्हणून संशोधक आतां त्याची लघवी तपासतात. (विषय दिवाणखान्यांतला नव्हे खरा; पण मूत्रपरीक्षेस आमच्या वैद्यांनीं कधीं नाक मुरडलें नाहीं.) सॅकरिन व एसेसल्फेम हीं बहुतांशीं न बदलतां मूत्रावाटे बाहेर पडतात, सुक्रालोजचा थोडाच अंश त्या वाटेनें जातो, पण तोहि ओळखतां येतो. चोवीस तासांचें मूत्र सांठविलें म्हणजे सेवनाचा अदमास निघतो.

२०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत, आपण हीं द्रव्यें घेतच नाहीं असें सांगणाऱ्या कांहीं तरुणांच्या लघवींत सुक्रालोज सांपडलें. मग हे तरुण खोटें बोलले काय?

वात्स्यायनानें आप्ताच्या ठायीं दोन गोष्टी अपेक्षिल्या आहेत: वस्तूचें यथार्थ ज्ञान, आणि जें जाणलें तेंच सांगण्याची इच्छा. या तरुणांपाशीं पहिली नव्हती. दुसरी नव्हती असें म्हणण्यास लघवींत कांहींच आधार नाहीं. न्यूयॉर्कच्या मंडळींविषयीं आम्ही इतक्या निःशंकपणें बोलणार नाहीं. विस्मरण कोठें संपतें आणि आत्मवंचना कोठें सुरू होते, हें त्यांचें त्यांनाहि सांगतां आलें नसतें. परंतु नळींतला आंकडा हातीं येतांच माणसास लबाड ठरविण्याची जी घाई आपणांस होते, घरांतील मधुमेही वडिलांच्या बाबतींत तर विशेषच, ती आम्हांस अन्यायाची वाटते.

शिवाय लघवीची साक्ष म्हणजे तरी अनुमानच, धुरावरून अग्नि. आणि धूर नसलेला अग्निहि असतो. तापलेल्या लोखंडी गोळ्याचें उदाहरण नैयायिकांनीं त्यासाठींच दिलें आहे. अ‍ॅस्पार्टेमचें तसेंच. आंतड्यांत त्याचे तुकडे होतात, ते इतर अन्नांतून येणाऱ्या द्रव्यांत मिसळतात, आणि त्याची म्हणून वेगळी खूण लघवींत उरत नाहीं. तें घेतलें कीं नाहीं, हें माणसाच्या तोंडूनच कळावयाचें. सुक्रालोज सांपडलें तरी तें कोणत्या बाटलींतून वा कोणत्या टूथपेस्टमधून आलें, हें नळी सांगत नाहीं. त्यासाठीं संशोधकास पुन्हा त्याच तरुणाकडे जावें लागतें, आणि तो सांगेल तें लिहून घ्यावें लागतें.