दोन गुंजांचा हिशेब

पिस्तुलाची गोळी केवढी असावी, हा प्रश्न वरवर पाहता कारागिराचा. मला मात्र तो नीतीचा वाटत आला आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून काडतूस तयार करण्यास मनाई आहे. अमेरिकेत मात्र कित्येक सद्गृहस्थ हे काम फावल्या वेळी घरीच करतात.

गोळीच्या मापाचा वाद तिथे जुना आहे. फिलिपाइन्समध्ये मोरो योद्ध्यांशी लढताना अमेरिकन सैन्याला .३८ ची रिव्हॉल्व्हरे अपुरी वाटली. गोळी लागूनही माणूस पुढेच येतो, ही तक्रार. तेव्हा १९०४ साली थॉम्पसन आणि लागार्ड या अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातील गुरांवर आणि मृतदेहांवर गोळ्या झाडून पाहिल्या, आणि .४५ हून लहान गोळी नको, असा निर्वाळा दिला. १९८६ साली मायामीत एफ.बी.आय.चे दोन अधिकारी चकमकीत पडले. दोष नऊ मिलिमीटरच्या गोळीवर आला आणि मोठी गोळी घेण्यात आली. पुढे काही वर्षांनी ते खाते पुन्हा नऊ मिलिमीटरवरच परतले. इतक्या वर्षांत विचारले गेले ते एवढेच : किती पुरे?

आता घरी काडतूस भरणारा पाहा. तो झाडलेली पितळी टोपणे वेचतो, घासून लख्ख करतो, साच्यात दाबून पूर्ववत मापाची करतो. मग नवी ठिणगीची टोपी, तोलून घेतलेली दारू आणि वर गोळी. ही दारू ग्रेनमध्ये तोलतात. ग्रेन म्हणजे मूळचा धान्याचा दाणा. आपली एक गुंज म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन. नऊ मिलिमीटरच्या काडतुसाला दोन-तीन गुंजा दारू पुरते. चुकून दुप्पट पडली, तर पिस्तूल भरणाऱ्याच्याच हातात फुटायचे.

काटकसर, स्वच्छता, चिकाटी, अचूकपणा : मी वर्गात आजवर हेच गुण शिकवीत आलो. ते इथेही तंतोतंत नांदताना पाहिले, की मास्तराच्या मनाला टोचणी लागते. हे गुण चाकरासारखे आहेत. धन्याने काय सांगितले, एवढेच ते पाहतात. कागदी निशाणाला स्वच्छ भोक पाडण्यापुरती सौम्य काडतुसे भरणारा नेमबाज आणि माणूस पाडण्याचा हिशेब मांडणारा, दोघांचा तराजू एकच असतो.

तिकडचे काही जाणकार एक सल्ला देतात : स्वसंरक्षणासाठी काडतुसे कारखान्याचीच ठेवा, घरी भरलेली असली, तर विरुद्ध बाजूचा वकील कोर्टात त्यातून तुमचा हेतू काढील. व्यवहार म्हणून सल्ला शहाणपणाचा असेल. पण कारखान्याचे काडतूस घेतल्याने चाप ओढणारे बोट काही कारखान्याचे होत नाही. उलट, ज्याने दाणा दाणा तोलला, त्याला निदान ठाऊक असते, की आपण काय भरले. 'किती?' हे तराजू सांगतो, 'कशासाठी?' हे ज्याचे त्यानेच, तराजू हातात घेण्यापूर्वी, स्वतःला विचारायचे असते.