पट्टा आणि वर्षावास

मी मनसरचा. बाबा मॅंगनीजच्या खाणीत होते. अंगाला साबण कितीही घासला तरी नखांतली काळी भुकटी जायची नाही. 1896 मध्ये इंग्रजांचं सिंडिकेट या भागात मॅंगनीज काढायला आलं, 1962 पासून मॉईल ही कंपनी काढते. खाण कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीनंतर नवा खाणपट्टा 50 वर्षांचा. म्हणजे माणसाचं सगळं कमावतं आयुष्य.

आमच्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चं वाचन असतं. भिक्खूंनी वर्षावासाचे हे तीन महिने एकाच जागी राहायचं, का? तर पावसात उगवलेलं कोवळं गवत अन् बारके जीव पायाखाली येऊ नयेत. निकडीचं काम निघालं तर सात दिवसांत परतायचं. हे ऐकताना मला दरवेळी तो पट्टा आठवतो. इथे मुदत गवताकडे बघून ठरली. तिथे ती उकरणाऱ्याच्या सोयीनं ठरते. खाण बंद करायचा आराखडा कायद्यानं लागतो, पण मुदत त्यावरून ठरत नाही.

धाकटा भाऊ म्हणतो, “दादा, त्याच खाणीनं आपल्याला शिकवलं ना?” शिकवलं. म्हणून तर त्या जमिनीचं देणं मला कंपनीइतकंच माझंही वाटतं.