बधिर झालेले मन

"मला रडू येत नाही, हसूही येत नाही. घरची माणसे जणू काचेपलीकडे उभी आहेत, आणि माझेच हात मला परक्याचे भासतात." असे कोणी सांगू लागला म्हणजे शेजारी त्यास आळशी म्हणतात, कित्येक बाहेरची बाधा समजतात, आणि तो बिचारा स्वतःस पापी ठरवून मोकळा होतो. म्हणून वाचकहो, आपण विचारू या : प्रेम न वाटणे म्हणजे प्रेम नसणे काय?

ही अवस्था नवी नव्हे. जिनीव्हा येथील तत्त्वज्ञानाचे अध्यापक आमिएल (१८२१-१८८१) यांनी आपल्या रोजनिशीत, स्वतःपासूनच दुरावल्याच्या ह्या अनुभवाचे वर्णन केले. आणि त्यांच्याच शब्दावरून फ्रेंच पंडित द्युगा यांनी १८९८ साली तिला नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या रोगसूचीत तिची नोंद आहे. मोठा धक्का, दीर्घ भय, निद्रानाश किंवा खिन्नता यांनी गांजलेले मन, कासवाने अंग आत घ्यावे तसे, मिटून जाते. हे केवळ भासते, खरे नव्हे, हे त्या मनुष्यास ठाऊक असते. म्हणून हे वेड नव्हे, आणि पाप तर नव्हेच.

कोणी म्हणेल, "मनात ओलावा नसता केलेली सेवा ढोंग नव्हे काय?" नव्हे. ढोंगी मनुष्य लोकांनी पाहावे म्हणून करितो. परंतु जी आई अंतःकरण कोरडे असताही तापलेल्या लेकराच्या उशाशी रात्रभर ओल्या पट्ट्या बदलीत बसते, तिला कोण पाहतो? प्रभूने सांगितलेल्या दोन पुत्रांच्या दाखल्यात, "जात नाही" म्हणणारा पुत्र अखेर द्राक्षमळ्यात गेला. त्याच्या मनास काय वाटत होते हे कोणी विचारिले नाही. तो गेला, एवढेच पाहिले गेले. भावना ही प्रीतीची फुले होत. मूळ निश्चयात आहे, आणि फुले झडली म्हणून झाड मेले असे होत नाही.

तथापि हाच विचार दुःखिताच्या पाठीवर चाबूक म्हणून वापरू नये. उपदेशक बंधूंनो, त्यास "आनंद करा" अशी आज्ञा करू नका. त्याच्याजवळ बसा, भाकर वाढा, आणि त्यास डॉक्टरांकडे घेऊन जा. सरकारच्या १४४१६ ह्या क्रमांकावरही मनाच्या दुखण्याविषयी सल्ला मिळतो. त्याला आपली सोबत आज जाणवणार नाही. तरीही बसा, न जाणवलेली सोबतही सोबतच होय.