बळ आणि टेकू

निर्जीव वस्तूंना ‘हट्टी’ म्हणण्याची आपल्याला सवय आहे. न उघडणारे झाकण, न फिरणारा स्क्रू, पावसाळ्यात फुगलेले दार ही सारी आपल्या लेखी हट्टी. हे विशेषण लावताना आपण नकळत एक निवाडाही देऊन टाकतो: आपली इच्छा न्याय्य, आणि तिला न जुमानणारी वस्तू दोषी. हा निवाडा कितपत खरा आहे हे पाहावयास मोटारीच्या इंजिनातील एक चाक मला फार उपयोगी वाटते. मी यंत्रज्ञ नव्हे. सरकारी कचेरीत टिपणे लिहिणारा कारकून आहे. परंतु दुरुस्तीच्या पुस्तिका वाचण्याचा मला नाद आहे, आणि नीतिशास्त्रावरील पुष्कळ ग्रंथांपेक्षा त्यांत बळाचा विचार अधिक काळजीने केलेला असतो, असे माझे मत होत चालले आहे.

इंजिनाच्या मुख्य दंडाला क्रँकशाफ्ट म्हणतात. त्याच्या टोकावर एक पुली घट्ट बसविलेली असते आणि तिच्यावरून जाणारा पट्टा इतर यंत्रांना फिरवितो. उदाहरणादाखल २००२ साली बाजारात आलेली, इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे बांधलेली मिनी कूपर एस ही गाडी घेऊ. इंजिन अवघे १.६ लिटरचे, ते ब्राझीलमध्ये तयार होई. एवढ्याशा इंजिनातून मोठी शक्ती काढावयाची म्हणून त्याला सुपरचार्जर जोडलेला आहे, म्हणजे सिलिंडरांत हवा कोंबून भरणारा पंप. अमेरिकेतील रूट्स बंधूंनी १८६० साली ज्या वायुपंपाचे पेटंट घेतले, त्याचाच हा वंशज. तो फुकट फिरत नाही. इंजिनाने निर्माण केलेल्या शक्तीतीलच कित्येक अश्वशक्ती त्याच्यावर खर्ची पडते, आणि ती सर्व त्या एका पुलीवरून जाते. ह्या गाडीत पाण्याचा पंपदेखील सुपरचार्जरच्याच आधाराने फिरतो. तेव्हा पुलीने दगा दिला तर वेग तर जातोच, पण इंजिनाचे थंड राहणेही संपते.

म्हणूनच ती घट्ट असते. तिच्या मधले भोक दंडापेक्षा केसभर लहान ठेवतात आणि ती बळाने दाबून बसवितात. वर एक जाड बोल्ट आवळतात. ही कल्पना आपल्या ओळखीची आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार ती तापवून लाल करतो, चाकावर बसवितो आणि पाणी ओततो. निवताना धाव आवळते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा यांना एकजीव करते. ती धाव वर्षानुवर्षे सुटत नाही याला कोणी हट्ट म्हणत नाही. पुलीचेही तसेच आहे. ती सुटू नये हीच तिच्याकडून अपेक्षा होती. दहा वर्षांची उष्णता आणि गंज सोसून तिने ती पुरी केली. आता आपल्याला ती काढावयाची आहे, म्हणून कालचा तिचा गुण आजचा दुर्गुण ठरला! कचेरीत ज्या रेकॉर्डकीपरला आपण ‘नियमावर बोट ठेवणारा’ म्हणून नावे ठेवतो, त्याची स्थिती याहून वेगळी नसते. आपल्याला दप्तर हवे असते त्या दिवशीच तो आडमुठा ठरतो, एरवी नाही.

परंतु पुली काढावी लागते, हेही खरे. कधी तिच्या मागच्या सीलमधून तेल गळू लागते. कधी ती स्वतःच निकामी होते, कारण ती एकसंध चाक नसते: मधला गाभा निराळा, बाहेरचे जड कडे निराळे, आणि दोहोंमध्ये रबराचा थर. प्रत्येक स्फोटाबरोबर दंडाला जो सूक्ष्म पीळ बसतो त्याची थरथर हे रबर गिळते. ते जुने झाले की सुटते आणि बाहेरचे कडे सरकू लागते. आणि कधी मालकाला सुपरचार्जर अधिक वेगाने फिरवावयाचा असतो, म्हणून तो मोठी पुली बसवू पाहतो. हा शेवटचा हेतू मला फारसा आदरणीय वाटत नाही; पण तो विषय वेगळा.

आता काढावयाची कशी? उतावळ्या माणसाला प्रथम पहार सुचते. बोल्ट काढावा, पहारेचे टोक पुलीच्या मागे घालावे आणि रेटावे. तरफेचा हा नियम फार जुना आहे. पुरेशी लांब तरफ आणि उभे राहावयास जागा मिळाली तर पृथ्वीही हलवीन, असे आर्किमिडीज म्हणाल्याचे सांगतात. ह्या कथेत आपण नेहमी तरफेच्या लांबीचे कौतुक करतो. टेकूची चौकशी कोणी करीत नाही. पहारेला टेकू लागतो, आणि येथे तो टेकू म्हणजे पुलीच्या मागचे इंजिनाचे झाकण. पुष्कळ इंजिनांत ते अ‍ॅल्युमिनियमचे ओतीव असते. पुलीला बाहेर रेटणारे बळ जेवढे, त्याहूनही अधिक बळ टेकूवर येते, हे तरफेचे गणित आहे. पुली सुटण्याच्या आधीच झाकण तडकते. ज्याचा ह्या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता, तेच मोडते.

दुसरा उतावळेपणा याहून सभ्य दिसतो. पुलर आणावयाचा, पण त्याचे पंजे पुलीच्या बाहेरच्या कडेला अडकवावयाचे, कारण तीच हाताशी येते. परंतु दंडाला धरून बसला आहे तो गाभा, कडे नव्हे. कडे ओढले तर फाटते ते रबर. वरवर दिसते त्यावर बळ, आणि मूळ पकड जशीच्या तशी! कित्येक चौकश्या, कित्येक परिपत्रके मला ह्या कडेला लावलेल्या पंजांसारखी वाटतात.

योग्य पुलर याच्या उलट चालतो. त्याचे आकडे गाभ्यातील खाचांत शिरून त्याला आतून धरतात. मधला जाड स्क्रू दंडाच्या टोकावर टेकतो. टोकातील आटे बिघडू नयेत म्हणून मध्ये एक छोटा ठोकळा ठेवतात. मग स्क्रू सावकाश फिरवावयाचा. जेवढ्या बळाने पुली बाहेर ओढली जाते, तेवढ्याच बळाने दंड आत दाबला जातो. दोन्ही बळे पुली आणि दंड यांच्यामध्येच मिटतात. झाकणाला, सीलला, इंजिनाच्या इतर कोणत्याही भागाला त्यांची वार्ताही नसते. आणि हे बळ सौम्य असते असे मुळीच नाही. ते पहारेच्या बळापेक्षा पुष्कळदा कितीतरी अधिक असते.

मला येथे थांबावेसे वाटते. बळ थोडे म्हणजे नीती आणि बळ फार म्हणजे अनीती, अशी आपली एक ढोबळ समजूत आहे. साधनशुचितेचा अर्थही आपण पुष्कळदा साधनाचा मऊपणा असाच करतो. पुली मात्र सांगते की, प्रश्न प्रमाणाचा नाहीच. ज्या दोघांतील पकड सोडवावयाची त्या दोघांनीच तो ताण सोसला काय, की तो तिऱ्हाइताच्या पाठीवर टाकला, हा प्रश्न आहे. बळ आणि बळजबरी यांतील सीमारेषा मला येथे दिसते.

या मापाने पाहिले तर आपल्या व्यवहारातील पुष्कळसे सौम्य उपाय बळजबरीचे ठरतील. वरिष्ठांना स्पष्ट नकार देण्याचे धैर्य नाही, म्हणून अडलेले काम हाताखालच्या दिवसमजुरावर रेटून पुढे न्यावयाचे; आवाज कोणी चढवीत नाही, पण टेकू तो झालेला असतो. आणि बदली? आपण सारे बदलीचे धनी. आसनसोलहून जोधपूरला जाण्याचा हुकूम एका माणसाच्या नावाने निघतो. तो आणि सरकार यांच्यात करार आहे, त्याने तक्रार करू नये. परंतु मार्चमध्ये परीक्षेला बसणारी त्याची मुलगी त्या करारात नव्हती. ‘मी नोकरीशी एकनिष्ठ राहिलो’ असे आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा पहार कशावर टेकली होती हे विचारणारे घरात कोणी तरी असते. ते विचारीत नाही, एवढेच.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मी टाळू इच्छीत नाही. चुकीचे उपाय यशस्वी होतात. बोल्ट सुटत नसेल तर काही मिस्त्री लांब दांड्याचा पाना त्याला लावून दांडा चौकटीला अडकवितात आणि स्टार्टरला क्षणभर झटका देतात. इंजिन स्वतःच्याच फिरण्याने बोल्ट सोडविते. पाना निसटला तर हात मोडेल, परंतु बहुधा निसटत नाही. पहारेनेही पुष्कळ पुल्या निघाल्या आहेत. मग यशाचा पुरावा आपण का मानू नये? माझे उत्तर इतकेच की, ह्या यशाचा हिशेब ज्या दिवशी लिहिला जातो त्या दिवशी तो पुरा झालेला नसतो. ताणलेले रबर त्या दिवशी फाटत नाही; ओरखडलेले सील काही महिन्यांनी गळू लागते. तोवर गाडी दुसऱ्याच्या मालकीची झालेली असते, आणि ज्याने पहार लावली तो आपल्या हातोटीच्या गोष्टी सांगत असतो.

तरीही अडचण उरतेच. लोखंडात गाभा कोठे, कडे कोठे हे दाखविता येते. माणसांत ते कसे ओळखावे? आणि योग्य पुलर हाताशी नसेल तर? आमच्या वसाहतीमागे एक मिस्त्री आहे. एकदा एका जुन्या मालमोटारीची पुली निघत नव्हती. हातोडा जवळच पडला होता आणि मालक घाई करीत होता. त्याने गाडी तशीच उभी ठेवली, भंगारातून एक जाड पट्टी आणली, तिला तीन भोके पाडली आणि तीन बोल्टांचा पुलर घडविला. यात अर्धा दिवस गेला. मालकाने त्या अर्ध्या दिवसाची मजुरी देण्यास नकार दिला, कारण त्याच्या मते त्या वेळात गाडीला कोणी हातही लावला नव्हता.