खाल्ल्या मिठाचे ऋण

‘ज्याचे खावे मीठ, त्याचे करावे नीट’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो, आणि तिच्यातील नीती खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु मीठ देणारा जेव्हा ते खाणाऱ्याचा धनी होऊ पाहतो, तेव्हा ही नीती कोठवर टिकते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. रुमानियातील फुटबॉलच्या इतिहासात तो फार स्पष्ट रूपाने उभा राहतो. म्हणून हा केवळ खेळाचा विषय समजून वाचकांनी तो दूर सारू नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशात कम्युनिस्टांची सत्ता आली आणि मोठे क्लब सरकारी खात्यांच्या पदरी गेले. बुखारेस्टचा स्तेआवा हा क्लब सैन्याचा, तर दिनामो हा गृहखात्याचा. 1987 मध्ये गेओर्गे हाजी या तरुण खेळाडूस एका महत्त्वाच्या सामन्यापुरते स्तेआवात आणले. त्याच्या गोलाने सामना जिंकला, आणि मग त्यास परत पाठविलेच नाही. कौशल्य खेळाडूचे खरे, परंतु ते कोठे खर्च व्हावे हे ठरविणार दुसराच!

त्यापूर्वी, 7 मे 1986 रोजी, सेव्हिल येथे स्तेआवाने बार्सिलोनाचा पराभव करून युरोपीय चषक जिंकला होता. एकशेवीस मिनिटांत एकही गोल झाला नाही. अखेर पेनल्टीचे फटके घेण्यात आले, तेव्हा गोलरक्षक हेल्मुट डुकाडाम याने लागोपाठ चार फटके अडविले. त्याच विजयी संघात मिओद्राग बेलोदेदिच हा बचावपटू होता. रुमानियातील सर्बवंशीय कुटुंबात जन्मलेला हा पुरुष 1988 मध्ये सीमा ओलांडून युगोस्लाव्हियात गेला. मागे त्याच्या अनुपस्थितीत त्यास देशद्रोहाबद्दल कारावासाची शिक्षा झाली. पुढे 1991 मध्ये बेलग्रेडच्या रेड स्टार संघाकडून त्याने तोच चषक पुन्हा जिंकला. मध्यंतरी, डिसेंबर 1989 मध्ये, रुमानियातील राजवट कोसळली. आणि काल द्रोही ठरलेला हा खेळाडू पुढे त्याच देशाच्या राष्ट्रीय संघातून सन्मानाने खेळला. द्रोह जर खरा होता, तर तो सरकार बदलताच नाहीसा कसा झाला?

यावर कोणी म्हणेल की, ज्या संस्थेने शिकविले, पोसले, नावारूपास आणले, तिला टाकून जाणे ही कृतघ्नता नव्हे काय? आक्षेप क्षुल्लक नाही. परंतु ऋण आणि स्वामित्व या दोन गोष्टींत महदंतर आहे. ऋण फेडता येते. स्वामित्व फेडून संपत नाही. शिवाय ज्यास जाण्याची मोकळीक नाही, त्याच्या राहण्यास निष्ठा हे नाव कसे द्यावे? दार बंद असताना घरात बसणाऱ्यास गृहप्रेमी म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग होय.

हा दोष केवळ हुकूमशाहीचा आहे, अशा समजुतीने मात्र कोणी समाधान मानू नये. लोकशाही म्हणविणाऱ्या पश्चिम युरोपातही करार संपलेल्या खेळाडूवर जुना क्लब पैशाचा हक्क सांगत असे. बोस्मान नामक बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने 1995 मध्ये निकाल दिला, तेव्हा कोठे तो हक्क सुटू लागला. इकडे रुमानियात ‘स्तेआवा’ हे नाव कोणाचे, यावर सैन्य आणि क्लबचे नवे मालक यांच्यात न्यायालयीन झगडा झाला. सैन्याची सरशी झाली आणि 2017 मध्ये क्लबास एफसीएसबी हे नाव घ्यावे लागले. सेव्हिलचा विजय कोणाचा, हाही वाद त्यातूनच पेटला. आणि ज्याच्या हातांनी तो विजय मिळविला, त्या डुकाडामच्या हाताच्या रक्तवाहिनीस त्याच वर्षी विकार जडून त्याची मोठ्या मैदानावरील कारकीर्द आटोपली होती. 2024 मध्ये तो निवर्तला. नाव आणि चिन्ह यांची मालकी कागदावर ठरते. पराक्रमाची तशी ठरविता येईल, असे आम्हांस वाटत नाही.

तर मग मिठास जागणे म्हणजे काय? याचे उत्तर हाजीच्याच चरित्रात सापडते. 1990 मध्ये दार उघडताच तो माद्रिदला गेला. पुढे इटली, बार्सिलोना आणि तुर्कस्तान येथे खेळला. त्यास परत बोलाविण्याचा अधिकार कोणासही नव्हता. तरीही 2009 मध्ये त्याने आपल्या कॉन्स्तांत्सा प्रांती ‘विइतोरुल’, म्हणजे ‘भविष्य’, या नावाचा क्लब स्वतः स्थापन केला आणि मुलांना खेळ शिकविण्यास आरंभ केला. या तरुणांच्या संघाने 2017 मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले.

आपल्या शास्त्रकारांनी मनुष्यावर तीन ऋणे सांगितली, त्यांत ऋषिऋण एक. परंतु शिष्य गुरूची मालमत्ता होतो, असे त्यांनी कोठेही म्हटले नाही; विद्या जतन करावी, पुढच्यास द्यावी, म्हणजे ते ऋण फिटते. ज्यास रोखून धरले होते, तो संधी मिळताच गेला; ज्यास कोणी रोखले नाही, तोच आपण होऊन परत आला. जे कोणी दुसऱ्यास वाढवितात, मग ते राज्यकर्ते असोत, शिक्षक असोत वा आईबाप असोत, त्यांनी दार उघडे ठेवावे. परतीची वाटही त्याच दारातून येते.